मीटरमामाचा पत्रव्यवहार

माणसाला मामा किती असावेत याला कायद्यात मर्यादा नाही. मला तीन आहेत. दोघे माझ्याशी बोलत नाहीत आणि तिसरे बोलायला लागले की थांबत नाहीत. माझ्या मुलीला मात्र एकच मामा आहे. तो आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या लाकडी कपाटात राहतो, उंचीने बोटाएवढा आहे, आणि तो मी आहे. हे शेवटचं वाक्य मला परवा भर ऑफिसात, साहेबांच्या केबिनमध्ये, एका निवृत्त मुख्याध्यापिकेसमोर उभं राहून म्हणावं लागलं. तेव्हापासून आमचे टपालवाले मला मामा म्हणतात. तेही सोसायचं.

नात्याने बघायला गेलं तर यात मी माझ्याच बायकोचा भाऊ लागतो. पण ही लबाडी मी सुरू केलेली नाही, ती माझ्या आईची. आई हॉस्पिटलात नर्स होती. कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी. मी शाळेतून यायचो तेव्हा दाराला कुलूप असायचं आणि किल्ली जिन्याखाली मीटरच्या कपाटात. एक दिवस किल्लीबरोबर एक चिठ्ठी मिळाली. वाकड्यातिकड्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की मी मीटरमामा, इथेच राहतो, तू रोज किल्ली घ्यायला येतोस आणि साधं बोलतही नाहीस, हे बरं नव्हे. मीटरमधली ती गोल फिरणारी चकती म्हणजे मामाचा पाळणा. घरात दिवे उगाच चालू ठेवले की पाळणा जोरात फिरतो आणि मामाला गरगरतं. आईने एका चिठ्ठीत मुलगाही सांभाळला आणि विजेचं बिलही. आई गेली त्या वर्षी मी एकदा त्या जुन्या इमारतीत जाऊन कपाटात हात घालून बघितला होता. काही नव्हतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तर हा वारसा. कुणाला बापाकडून जमीन मिळते, मला आईकडून मामा मिळाला. मुलगी वाचायला शिकली त्या आठवड्यात मी डाव्या हाताने पहिली चिठ्ठी लिहिली. डाव्या हाताने, कारण आईही तसंच लिहायची आणि परंपरेत आपण आपल्या सोयीने बदल करू नयेत. मुलीला आम्ही खारू म्हणतो, कारण खारीसारखी ती हाताला लागेल ते साठवते. बटणं, तिकिटं, पेन्सिलींची टोकं. कपाटावर तीनदा टकटक करायची, तिसऱ्या मीटरच्या मागे चिठ्ठी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचं, असा नियम. पाच वर्षं हे चाललंय. मार्चअखेरीला ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते तेव्हा मामाला ताप येतो. ऑडिटच्या वेळी मामा आपल्या आत्याकडे जातो. एकदा तर सलग तीन आठवडे मामाचा पाय मुरगळला होता. बोटाएवढ्या माणसाला इतकी दुखणी जडलेली मी कधी पाहिली नाहीत.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढे मी इतका का पिसाळलो ते कळेल. दीड वर्षापूर्वी बायकोला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली. महिन्यातून दोन दिवस ती येते. रोज रात्री जेवणाच्या वेळेला फोन येतो. कसे आहात, ती विचारते. आम्ही मजेत, मी सांगतो. घरात आम्ही दोघं. मी साडेसातला येतो, खारूला वरच्या काकूंकडून घेतो, दोघं जेवतो. आज शाळेत काय झालं? काही नाही. डबा खाल्लास? हो. अभ्यास? झाला. एवढ्यावर आमचं संभाषण आटोपतं, मग ती तिच्या खोलीत आणि मी माझ्या खुर्चीत. पण मामाला ती दोन दोन पानं लिहिते. तिची बाकावरची मैत्रीण शाळा सोडून गेली हे मला मामाकडून कळलं. तिला अंधाराची भीती वाटते, तेही मामाकडून. मग मी कुणाला काही न सांगता बाहेरच्या खोलीत छोटा दिवा लावून ठेवायला लागलो. थोडक्यात, माझ्या पोटच्या पोरीची मला जी काही माहिती आहे ती चोरून वाचलेल्या टपालातून आहे.

आणि अशा वेळी जिन्यात नोटीस लागली. जुनी मीटरं काढून नवी बसवणार, ती बाहेर पत्र्याच्या पेटीत. जिन्याखालचं लाकडी कपाट जीर्ण झालेलं असल्याने पुढील आठवड्यात शुक्रवारी काढून टाकण्यात येईल. रहिवाशांनी सहकार्य करावे.

मी सहकार्य करायचं नाही असं ठरवलं. सेक्रेटरींना अर्ज दिला की कपाट आहे तिथेच राहू द्यावे. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, यात कारण नाही. अर्जाला कारण लागतं हे मला कळायला हवं होतं, कारण मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात अठरा वर्षं बिनकारणाचे अर्ज परत पाठवतोय. मी 'भावनिक' असं लिहिलं. ते म्हणाले, भावनिक कारण कमिटीपुढे ठेवावं लागेल. कमिटीपुढे ठेवलं. तोपर्यंत इमारतीत अशी बातमी पसरली होती की मला जिन्याखालची जागा बळकावून तिथे चपलांचं कपाट करायचंय.

आमच्या इमारतीत मत मागावं लागत नाही, नुसतं जिन्यात उभं राहिलं की मिळतं. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना मी विश्वासात घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशा गोष्टी लांबवायच्या नसतात, एका झटक्यात काढायचं, क्षणभर दुखतं आणि मग बरं वाटतं. त्यांच्या दवाखान्यातून येणारे आवाज आम्ही रोज ऐकतो, त्यामुळे तो सल्ला मला घेववला नाही. वरच्या काकू म्हणाल्या, सरळ सांगून टाक, मामाचं लग्न झालं. लग्न झालं की पुरुष पत्रं लिहीत नाहीत, पोरीला लगेच पटेल. समोरच्या वकिलांनी तर गंभीरपणे विचारलं की मामा तिथे किती वर्षं राहतोय. पाच म्हटल्यावर हळहळले. बारा झाली असती तर ताबा सिद्ध करता आला असता म्हणे. मी त्यांचे आभार मानले, कारण मामाला इमारतीतला रहिवासी मानणारे ते एकटेच निघाले.

कमिटीत मतदान झालं. कपाट काढण्याच्या बाजूने अकरा, विरुद्ध शून्य. मी हात वर केला होता, पण सेक्रेटरींना वाटलं मला बाहेर जायचंय.

मग मी वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागे माझ्याच वयाचा, माझ्याच चेहऱ्याचा एक कारकून होता. माझ्यासारखाच त्याने टेबलावर पेपरवेटखाली कोरे कागद दाबून ठेवले होते. मी म्हटलं, आमच्या इमारतीचं काम पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का? कारण? घरगुती. त्याने माझा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि न बघता म्हणाला, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा लिहितो. त्याचा अर्थ काय होतो, हे खिडकीच्या त्या बाजूला त्याला आणि या बाजूला मला, दोघांनाच ठाऊक होतं. अठरा वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. घरी येईपर्यंत मला स्वतःचीच चीड आली.

सोमवारी तिसऱ्या मीटरमागे खारूची चिठ्ठी मिळाली. इथे ती जशीच्या तशी देतो.

'प्रिय मामा, तुझं कपाट काढणार आहेत असं काकू म्हणाल्या. तू कुठे जाणार? तू गेलास तर मी कुणाला सांगू? आई नसते तेव्हा आमच्या घरात खूप शांत असतं. बाबा जेवताना फोन बघतो आणि मी काही बोलले की हं म्हणतो. मी एकदा मुद्दाम म्हटलं की आज शाळेत हत्ती आला होता, तरी तो हं म्हणाला. तुला एकटं वाटलं की तू काय करतोस? तुझी भाची, खारू.'

हत्तीचं मला काही आठवत नव्हतं. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर ऑफिसात जो अर्ज समोर येईल त्यात मला हत्ती दिसत होता. असा राग आला म्हणून सांगू. आधी तिचा, मग फोनचा, मग बायकोला बढती देणाऱ्यांचा. शेवटी माझा आला आणि तो मात्र गेला नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि डाव्या हाताने उत्तर लिहायला बसलो. पाच वर्षांत मामाने एवढं मन लावून पत्र लिहिलं नसेल. 'लाडक्या भाचीस. एकटं वाटलं की मी भिंतीला कान लावून बसतो. आत कुणीतरी गुणगुणत असतं. ते पाणी असतं. पाणी सगळ्यांच्या घरांतून फिरून येतं, म्हणून त्याला सगळ्यांची गाणी येतात. तूही ऐकून बघ. एकटी नाहीस हे कळेल. मी कुठेही गेलो तरी तीनदा टकटक केलीस की ऐकेन. आणि बाबावर रागावू नकोस. त्याला बोलता येत नाही, पण हत्ती आला असता तर त्याला आवडलं असतं. तुझा मामा.'

हे लिहिताना माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरलेले असताना सरकारी काम करू नये. मामाची पत्रं ऑफिसच्याच छोट्या खाकी पाकिटात जातात, ही त्याची पहिल्यापासूनची ऐट. त्याच वेळी टेबलावर दुसरं एक उत्तर पाकिटात घालायचं होतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका अकरा वर्षं आम्हाला लिहीत होत्या की त्यांच्या भिंतीतल्या नळातून पहाटे आवाज येतो. त्यांच्यासाठी मी टाईप केलेलं नेहमीचं उत्तर तयार होतं. आधी सगळी पाकिटं चिकटवायची आणि मग पत्ते घालायचे, ही माझी जुनी सवय. यावरून साहेबांनी मला दोनदा टोकलंय. मी दोन्ही पाकिटं चिकटवली, एकावर बाईंचा पत्ता घातला, दुसरं खिशात टाकलं, आणि संध्याकाळी ते तिसऱ्या मीटरच्या मागे ठेवून आलो. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला शुक्रवार उजाडला.

बुधवारी पाकीट तिथून गेलेलं होतं. म्हणजे तिने वाचलं. मी संध्याकाळी मोठ्या आशेने जेवायला बसलो. फोन मुद्दाम आतल्या खोलीत ठेवला. खारू माझ्याकडे बघत होती, पण कसं, तर तपासणीला आलेला अधिकारी बघतो तसं. मी म्हटलं, आज शाळेत काय झालं? काही नाही, ती म्हणाली. जेवण झाल्यावर मला तिच्या खोलीतून कागदांची खसखस ऐकू आली, बराच वेळ. उत्तर लिहीत असेल म्हणून मी सुखाने झोपलो. गुरुवारी सकाळी बघितलं तर मीटरमागे काही नव्हतं. संध्याकाळीही नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने मामाला उत्तर दिलं नाही, आणि तेही कपाटाच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी जिन्याखाली मी इतका वेळ वाकून उभा होतो की सेक्रेटरींनी विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो.

शुक्रवारी अर्धी रजा घेऊन कपाट काढताना हजर राहायचं ठरवलं होतं. मामाला निरोप द्यायला घरचं कुणी हवं ना. पण साडेबारा वाजता साहेबांनी आत बोलावलं. समोर पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या एक बाई होत्या आणि त्यांच्या हातात ते पत्र. वाकडं, बारीक, डाव्या हाताचं. त्यावर लाल शाईने कुठे कुठे खुणा केलेल्या होत्या आणि खाली दहापैकी सात असे गुण दिले होते.

साहेब म्हणाले, "हे मामा कोण? कोणत्या विभागात आहेत?"

आमचे साहेब साधे आहेत. त्यांना खरोखरच वाटलं होतं की मामा नावाचा कुणी कर्मचारी परस्पर उत्तरं पाठवतोय. त्यांनी हजेरीपटही मागवला होता. टपालवाले तो घेऊन दारातच उभे. तेव्हा मी ते वाक्य म्हटलं, जे मी सुरुवातीला सांगितलं. नंतर कपाट, चकती, आई, खारू, हत्ती, सगळं सांगत गेलो. साहेब हळूहळू हजेरीपट मिटत होते. कारणे दाखवा नोटीस मिळणार हे मला दिसत होतं, आणि कारणं तर मी आधीच दाखवून बसलो होतो.

बाई सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मी तुमची भाची नाही. मी बहात्तर वर्षांची आहे. पण अकरा वर्षांत या खात्याने मला दिलेलं हे पहिलं उत्तर आहे." मग पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या की त्या गेले दोन दिवस पहाटे भिंतीला कान लावून बसतात. नळाची तक्रार मागे घेत नाहीत, पण आता घाईही नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघतात तसं.

"मुलीचं पत्र मला आलं. मग माझं पत्र कुठे गेलं?"

त्या पत्राचा शब्दन् शब्द मला पाठ होता, आणि तो सबंध डोळ्यांपुढे आला. 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, आपण मांडलेला प्रश्न घरांतर्गत स्वरूपाचा असल्याने या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. तरी आपण संबंधित व्यक्तीशी कार्यालयीन वेळेत, मूळ कागदपत्रांसह, प्रत्यक्ष संपर्क साधावा. यापुढे या विषयावर पत्रव्यवहार करू नये.' पोरीने विचारलं होतं, तुला एकटं वाटलं की काय करतोस. आणि मामाने तिला हे लिहिलं. यापुढे पत्रव्यवहार करू नये.

"उभे काय राहता? जा घरी," बाई म्हणाल्या. साहेबांनी आपोआप मान हलवली. त्यांनाही कुणीतरी कधीतरी असंच वर्गातून घालवलं असणार.

मी रिक्षा, बस, जे मिळेल ते करत अडीचला पोचलो. उशीर झाला होता. कपाट निघालं होतं. जिन्याखाली भिंतीवर फिकट चौकोन उरला होता आणि वायरमन झाडू मारत होता. त्याने मला एक पिशवी दिली. मीटरमागे सापडलं म्हणाला, टाकवलं नाही. पिशवीत बाहुलीचे मोजे होते, खोडरबराची उशी, चार मणी, आणि बिस्किटाचे दोन तुकडे, जे आता दगड झाले होते. वायरमनने आवाज खाली आणून विचारलं, "कोण राहायचं हो इथे?"

वर तिसऱ्या पायरीवर खारू बसली होती. शाळेच्याच कपड्यात, मांडीवर पत्र्याचा डबा. डोळे कोरडे होते. काकू वरून डोकावल्या आणि मला बघून आत गेल्या, हे त्यांच्या स्वभावाला सोडून होतं.

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. सगळी तयारी करून आलो होतो. मामाला साहेबांनी छळलं, मामाच्या ऑफिसात गोंधळ झाला, असं काहीबाही. पण ती आधी हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "अडीच वाजलेत. म्हणजे कार्यालयीन वेळ आहे ना?"

मी म्हटलं, हो.

"मी बुधवारपासून थांबले होते. तू या वेळेला घरी कधी नसतोसच." तिने डबा उघडला. आत मामाची सगळी पत्रं होती, पाच वर्षांची, तारखेप्रमाणे लावून रबराने बांधलेली. तीच बुधवारची खसखस. "ही मूळ कागदपत्रं. आणि हे पत्र. काकूंना विचारलं, संबंधित व्यक्ती म्हणजे कोण. त्या म्हणाल्या, ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो. म्हणजे तू."

पत्राच्या खाली तिने बोट ठेवलं. टाईप केलेल्या मजकुराखाली माझी लफ्फेदार सही होती, हुद्द्यासकट. अठरा वर्षं मी ती सही न बघता करत आलोय.

"सही तुझीच आहे," ती म्हणाली. "पण मला आधीच माहीत होतं. तिसरीपासून. तुला ऑफिसात काम असलं की मामाला ताप यायचा."

मी विचारलं, मग लिहीत का राहिलीस? मला वाटलं होतं ती म्हणेल, मजा यायची. किंवा तुला वाईट वाटेल म्हणून.

"मामा उत्तर द्यायचा ना," ती म्हणाली.

खाली वायरमनचा झाडू थांबला होता. मी त्या पिशवीतले बाहुलीचे मोजे उगाच उलटसुलट करत बसलो. जगातल्या सगळ्या तक्रारींना माझ्याकडे एक एक वाक्य तयार असतं, आणि त्यातलं एकही चालण्यासारखं नव्हतं. खारूने वहीतून फाडलेला एक कागद काढला. तोंडी सांगताना विसरायला नको म्हणून लिहून आणलं होतं. बाबा हं म्हणतो. बाबा फोन बघतो. शेवटची तक्रार तिने वाचली नाही, माझ्याकडे बघून विचारली.

"आई फोन करते तेव्हा तू रोज सांगतोस, आम्ही मजेत. आपण मजेत आहोत का?"

"नाही," मी म्हटलं. "मला अजिबात करमत नाही गं. घरी आलो की काय बोलावं तेच सुचत नाही."

"मलापण नाही करमत," ती म्हणाली, आणि मग ती रडली. दीड वर्षात तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. ती खालच्या पायरीवर सरकली आणि आम्ही दोघं त्या फिकट चौकोनाकडे तोंड करून बसून राहिलो. सेक्रेटरी जिन्यावरून उतरले, आम्हाला बघितलं, भिंतीकडून वाट काढत गेले. मी विचारलं की हत्ती कोणत्या वर्गात आला होता. चौथी ब मध्ये, ती नाक पुसत म्हणाली, आणि पुढची वीस मिनिटं मला तो हत्ती बाकावर कसा बसला ते ऐकायला मिळालं.

मग तिने तो वहीचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, अर्ज दिला की पोच मिळते, काकूंनी सांगितलंय. माझ्याच मुलीला मी पोच नाकारू शकत नव्हतो. मी गुडघ्यावर कागद ठेवला, खिशातून पेन काढलं आणि सवयीने ते डाव्या हातात धरलं.

तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या उजव्या हातात दिलं.

"या हाताने लिही," ती म्हणाली. "मला तुझ्याकडून हवीय."